वरवंट्याचं बारसं

दादा, आज तुझ्या काळ्या कोटाला ऊन दाखवलं. दोरीवर टाकला तर शेजारच्या बाई कुंपणावरून म्हणाल्या, "आले वाटतं वकीलसाहेब?" मग जीभ चावून आत पळाल्या. खिशातून निघालं ते सांगते. सुपारीचं खांड, सेफ्टी पिन, बसचं धुऊन पांढरं झालेलं तिकीट आणि अर्धी ओढून विझवलेली विडी. म्हणजे विडी सोडली हे तू मला खोटंच सांगत होतास. भांडायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, समोरचा पक्ष गैरहजर आहे. एकतर्फी निकाल देऊन टाकला. विडी परत खिशात ठेवली.

तसं म्हटलं तर तू गेलास तेवढंच एक काम तू वेळेवर केलंस. एरवी निजाम जाऊन जमाना झाला तरी आदिलाबादच्या कोर्टात मुदतीला मोहलत म्हणतात, आणि ती मागण्यात तुझा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. घरीही तेच. आईनं दळण आणायला सांगितलं की तू म्हणायचास, "पुढच्या पेशीला," म्हणजे पुढच्या तारखेला. लग्नाचंही तसंच झालं. मुलीकडचे पोहे तू मन लावून खायचास आणि उठताना विचार करायला मोहलत मागायचास. शेवटी जिल्ह्यातले मुलींचे बाप थकले. मग तू माझ्याच घरी जेवायला येऊ लागलास आणि माझ्या वरणाला "मीठ कमी, निकाल राखून ठेवतो" असं म्हणू लागलास. माझे हे किराणा दुकान बंद करून यायचे तेव्हा तुझं ताट वाढलेलं असायचं. हे म्हणायचे, "लग्नात मला मेहुणा फुकट मिळाला, पण परत घेत नाहीत."

तुझ्यामागे लोक तुझ्या निकालांच्या गोष्टी सांगताहेत. कालच बार रूममधले दोघं बसून गेले. कायद्याचं ज्ञान, गरिबांचा कळवळा, वगैरे वगैरे. मी मान डोलावत होते आणि मनात वरवंटा फिरत होता. ती गोष्ट त्यांना माहीत नाही. माहीत असती तर अंगावर असा काळा कोट घालून त्यांना ती सांगताही आली नसती.

तुझी साक्ष काढता येत नाही, म्हणून मीच सांगते. मी वाढवून सांगते असं तू म्हणशील. घराण्याचा दोष आहे, दादा. तुझ्यातही होता.

भीमपूरच्या पुढं, पैनगंगेच्या काठचं गाव. शेषराव नावाचा तरणा गडी धुऱ्यावरून, दोन शेतांमधल्या बांधावरून, सख्ख्या चुलत्याशी भांडला. हातात कुऱ्हाड होती, ती चालली, आणि चुलता गेला. यात वाद नव्हता, शेषरावानं स्वतःच कबूल केलं होतं. वाद होता तो पुढचा. पोलिसांना तो सापडला तेव्हा बैलगाडीत चुलत्याचा देह होता आणि गाडी नदीच्या वाटेवर होती. सरकारी वकील म्हणाले, रक्ताच्या माणसाला मारून वर प्रेत पुरात सोडायला निघालेला हा माणूस, याला दया कसली? सेशन कोर्टानं फाशी दिली. शेषरावाला वकील करायची ऐपत नव्हती म्हणून कोर्टानं तुला नेमलं होतं. तो तुला एकच गोष्ट सांगत राहिला, "साहेब, काकाले दवाखान्यात नेऊन राह्यलो होतो. नाल्याले पूर होता, म्हनून नदीच्या वाटेनं घेतली गाडी." पण त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला गावातून एक माणूस आला नाही.

हायकोर्टानं कायम केल्याशिवाय फाशी देता येत नाही, हे मला तुझ्यामुळं कळलं. तुझ्यामुळं म्हणजे वरण वाढता वाढता. अपील तू वेळेत लावलंस, आणि ते बघूनच मी ओळखलं, तू घाई करतोस म्हणजे प्रकरण खरंच वाईट असणार. मग हैदराबादच्या मोठ्या वकिलांचा निरोप आला. गाडी दवाखान्याकडं चालली होती हे पाहिलेलं कोणी असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र दसऱ्याच्या सुटीआधी कोर्टात पाहिजे. त्यापुढं कोर्ट थांबणार नाही. तू मोहलत मागितलीस. मिळाली नाही. त्या दिवशी तुझं तोंड असं झालं होतं की मी वरणात मीठ आधीच जास्त घातलं.

दोनदा तू गावात जाऊन हात हलवत परत आलास. तिसऱ्यांदा निघताना मला म्हणालास, "चल. तिथं बायकांशी बोलायला बाई पाहिजे."

"आदिलाबादेत दुसऱ्या बायका नाहीत का?"

"आहेत. पण त्या कमी बोलतात."

कपाशीला बोंडं धरली होती. शेषरावाचा बाप कोंडबा ओट्यावर बसला होता. डोक्यावरचे केस नुकते उगवत होते, म्हणजे मुंडण होऊन फार दिवस झालेले नव्हते. त्यानं बसा म्हटलं नाही. तू आपणहून बसलास.

"कोनासाठी आले?"

"शेषरावसाठी."

"तो मेला. म्या जाळला त्याले."

"कोंडबा, तो जेलात जिवंत आहे. परवा मी त्याच्याशी बोललो."

"तुमी बोलले असान. आमी दहावं केलं."

तेव्हा कळलं, दोन खेपा लोक तुला दारातून का परत पाठवत होते. सेशन कोर्टाचा निकाल कळला त्या आठवड्यात कोंडबानं पळसाच्या पानांचा पुतळा केला, नदीवर नेऊन जाळला, डोकं भादरलं, दहावं, तेरावं, सगळं उरकलं. परदेशी मेलेल्या, देह न सापडलेल्या माणसाचं करतात तसं. त्याचा भाऊ मारला गेला होता, आणि मारणारा त्याचाच मुलगा. भावाची विधवा, सुभद्रा, त्याच घरात समोर दिसत होती. तिच्यासमोर पोटच्या पोराला जिवंत ठेवायचं त्याला धैर्य नव्हतं.

"सांगा साहेब, मेल्या मानसाच्या नावानं अंगठा कोन देते? माह्या घरचा कोनी देनार नाई, आन् गावातला बी नाई."

मी मागच्या दारानं चुलीपाशी गेले. तिथं शेषरावाची माय होती आणि पदर कपाळापर्यंत ओढलेली सुभद्रा. मी काही विचारायच्या आतच सुभद्रा चुलीकडं बघत बोलायला लागली, जणू ती लाकडांना सांगत होती.

"मी न्याहारी घेऊन गेल्ती वावरात. भांडन झालं तवा पोचली नाई. पोचली तं हा पोट्टा यायले, माह्या मालकाले, उचलून गाडीत टाकून राह्यला होता. रडून राह्यला होता. यायच्यात जीव होता बाई. मले म्हने, काकू पानी दे. म्या तोंडात पानी घातलं. मंग गाडी गेली."

"मग हे कोर्टात का नाही सांगितलंस?"

"मले कोनं इचारलं? पोलीस आले तवा मी सुतकात, कोपऱ्यात बसेल. आन् मंग भासऱ्यानं, त्याच्या बापानंच, जाळून टाकलं त्याले. मी त्याले जिता कशी म्हनू?"

दादा, मला राग आला की माझ्या तोंडाला कुलूप राहत नाही, हे तुला माहीत आहे. मी म्हटलं, "मेलाय ना? मग घाला पुन्हा जन्माला! करा त्याचं बारसं!"

बोलले आणि मगच कळलं, कुठं बोलले. खुनाचं घर, फाशीची शिक्षा, समोर मेलेल्याची बायको, आणि मी थट्टा केली होती. पण माय चुलीपासून उठली. म्हणाली, "असं असते, बाई. माह्या माहेरी झालं होतं. एक जन काशीले गेला, आलाच नाई, त्याचं दहावं केलं. मंग आला वापस. त्याले न्हाऊ घातलं, झोयी बांधली, नवं नाव ठेवलं, तवा पंगतीत घेतलं."

मी ओट्यावर येऊन तुला सांगितलं. वाटलं, तू रागावशील. तू कान खाजवलास, बराच विचार केलास, आणि अगदी गंभीरपणे म्हणालास, "जेलर पाठवणार नाही त्याला."

दादा, इतक्या वर्षांत तुझ्यासारखा दुसरा माणूस मी पाहिला नाही. अडचण काय, तर जेलर पाठवणार नाही!

ती अडचण मायनं सोडवली. कोपऱ्यातला वरवंटा धुतला, टॉवेलात गुंडाळला. कोणत्याही बारशात बाळाआधी वरवंटा झोळीत जातोच, इथं बाळाऐवजी गेला. आढ्याला लुगड्याची झोळी बांधली. शेजारच्या चारदोन बायका आल्या, कुणी हरभरे उकडत टाकले, घुगऱ्यांशिवाय बारसं कसलं? कोंडबा ओट्यावर पाठ करून बसला होता. हो म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही.

मग प्रश्न आला आत्याचा. नाव कानात सांगायचा मान आत्याचा, आणि कोंडबाला बहीण नव्हती. सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी दोन पावलं मागं सरले. तुला ठाऊक होतं, मी बारशांना जाणं सोडून दिलं होतं. माझी कूस उजवली नाही हे कळल्यापासून बायका माझ्या हातातून पाळण्याची दोरी हळूच काढून घ्यायच्या. वाईट बोलत नसत. नुसती दोरी काढून घ्यायच्या. दारात सुभद्राही थांबली होती. विधवा बाई पाळण्यापाशी येत नाही. एक पुढं सरेना, एक आत येईना, आणि मधे वरवंटा झोके घेतोय.

तेवढ्यात ओट्यावरून तुझा आवाज आला, कोर्टात यायचा तसा. "आत्या म्हणून माझी बहीण बसेल. आणि जरा लवकर करा, वेळ कमी आहे."

जन्मात पहिल्यांदा तू वेळ कमी आहे म्हणालास. मी गेले आणि दोरी धरली. कुणी काढून घेतली नाही.

"नाव काय ठेवायचं?"

माय म्हणाली शेषा. सुभद्रा दारातून म्हणाली, "शेषा नको. तो जळला." मग वरवंट्याकडं बघत, "दगडू ठेवा. दगडाले मरन नाई." आणि उंबरा ओलांडून आत आली. झोळीचं दुसरं टोक तिनं धरलं.

मी वाकले. दादा, वरवंट्याला कान कुठं असतो? दोन्ही टोकं सारखी. एका टोकाशी तोंड नेऊन मी नाव सांगितलं आणि बायकांनी माझी पाठ बडवली. रीत म्हणून हलक्या हातानं मारतात, पण त्या कापूस वेचणाऱ्या, कुऱ्हाडीनं लाकडं फोडणाऱ्या बायका. माझी पाठ दिवाळीपर्यंत दुखत होती. तू पुढं जन्मभर म्हणालास की मी नाव चुकीच्या टोकाला सांगितलं, पायाकडं. मी म्हणायचे, तू ओट्यावर होतास, तू काय पाहिलंस? तू म्हणायचास, आवाजावरून कळलं. हा वाद अजून मिटलेला नाही. मी माघार घेतलेली नाही, नोंद असू दे.

बाहेर काय झालं ते तू नंतर बसमध्ये सांगितलंस. पाठ बडवल्याचा आवाज आला, बायका हसल्या, आणि कोंडबानं नदीकडं बघत विचारलं, "जेलात जवारीची भाकर भेटते का?"

तू म्हणालास, "भात देतात."

"भातानं पोट बिघडते त्याचं." म्हातारा म्हणाला. मग मान न वळवता आत हाक दिली, "सुभद्रे, जाय यायच्यासंगं. पायलं ते सांग."

आदिलाबादला येताना सुभद्रा खिडकीशी बसली होती. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा घराबाहेर पडली होती. माझ्या पाठीला टेकता येईना, म्हणून मी पुढच्या सीटचा दांडा धरून बसले होते. तू प्रतिज्ञापत्रात 'शेषराव ऊर्फ दगडू' लिहिलंस. मी म्हटलं, ऊर्फ लिहिल्यावर माणूस दरोडेखोर वाटतो. तू म्हणालास, "सुभद्राबाई दगडूबद्दलच बोलणार. शेषरावबद्दल विचारू नका म्हणते."

कागद घेऊन तू स्वतः हैदराबादला निघालास. नेरडीगोंड्याला बस बंद पडली आणि तू एका ट्रकवर चढलास. ट्रकमध्ये काय होतं, हे मात्र आजवर ठरलं नाही. आधी सांगितलंस कापसाच्या गाठी. दुसऱ्या वेळी ज्वारीची पोती झाली. शेजारच्या पोरांना सांगताना बकऱ्या आल्या, आणि त्यातल्या एका बकरीनं कागदाचा कोपरा खाल्ला. मी कापूसच धरते, कारण कोट मी धुतला, आणि अस्तरातून कापूस निघता निघेना. कागद मात्र मुदतीत दाखल झाला. कोर्टाच्या शिपायानं घड्याळाकडं पाहिलं होतं, असं तू दर वेळी सांगायचास, आणि दर वेळी त्या घड्याळातली मिनिटं कमी होत जायची.

मग हायकोर्टाच्या हुकमानं सुभद्रेचा जबाब आदिलाबादेतच झाला. मी मागच्या बाकावर होते. सरकारी वकिलांनी विचारलं, "बाई, तुझ्या नवऱ्याला मारणाऱ्याला तू का वाचवतेस?" तू आक्षेप घ्यायला उठलास. पण ती आधी बोलली.

"म्या नाई वाचवून राह्यली. मारलं बी त्यानं, आन् उचललं बी त्यानं. मारलं ते तुमच्या कागदात हाये. उचललं ते नाई. ते म्या आनलं."

तू उभाच राहिलास. आक्षेप घ्यायचा राहून गेला. जज्जसाहेबांनी तुला बसायला सांगितलं, तेव्हा तू माझ्याकडं पाहिलंस. तुझे डोळे पाहून मी पदर तोंडात धरला.

फाशी गेली, जन्मठेप राहिली. गावात निरोप द्यायला तू गेलास तेव्हा मी नव्हते. कोंडबानं काय म्हटलं, हे तू कधी सांगितलं नाहीस. मी विचारलं की तू म्हणायचास, "पुढच्या पेशीला." ती पेशी राहिलीच.

आणखी एक गोष्ट राहिली. एकदा जेवताना मी तुला विचारलं होतं, दगडू वाचला, चांगलं झालं, पण सुभद्रेचं काय? तिचा माणूस गेला, त्याचा न्याय कुठं झाला? तू घास खाली ठेवलास. म्हणालास, "त्याची तारीख मला काढता आली नाही." थट्टा नव्हती त्यात. मी तुला वरण वाढलं. दुसरं काय करणार होते?

दगडू सुटून आला तोवर कोंडबा गेला होता. माय आहे. दोन्ही वावरं आता दगडूच वाहतो, मधला धुरा त्यानं नांगरून टाकला, आणि पहिली वेचणी काकूच्या घरात जाते. त्यानं माफी मागितली का, तिनं दिली का, हे मी कधी विचारलं नाही. मला तो आत्या म्हणतो. सुटल्यावर पहिल्यांदा आपल्या दारात आला तेव्हा तू त्याला नखशिखांत पाहिलंस आणि मला म्हणालास, "पायाकडून नाव सांगितल्यामुळंच हा इतका लंगडतो." जेलात पायावर काही पडलं होतं बिचाऱ्याच्या. तो हसला. हसताना तो चांगला दिसतो.

आणि एक प्रश्न मी विचारलाच नाही, दादा. त्या दिवशी मला का नेलंस? बोलणारी बाई पाहिजे म्हणून? की तुला दिसत होतं, माझ्या हातातून दोरी कशी काढून घेतात ते? पण बारशाची कल्पना तर माझ्या तोंडून निघाली, तुला आधी कसं कळणार? असं मी स्वतःला समजावते. मग आठवतं, आत्या म्हणून माझं नाव घ्यायला तुला क्षणभरही लागला नव्हता. तू, ज्याला दळणाला हो म्हणायला आठवडा लागायचा. कितीदा ओठांवर आलं. वाटलं, विचारलं तर तू थट्टेवारी नेशील, आणि मला ती गोष्ट थट्टेत जायला नको होती. म्हणून पुढं ढकलत राहिले. बघ, मोहलत घ्यायला मीही तुझ्याकडूनच शिकले.

परवा दगडू आला. घरात बायका बसल्या होत्या, रडणं चाललं होतं. तो दारात चपला काढून उभा राहिला, माझ्याजवळ आला आणि खाली बघत म्हणाला, "आत्या, पोरगी झाली. बारसं येत्या बुधवारी होतं. पुढं नेलं."

"का रे?"

"तुमचं सुतक हाये ना. तुमच्याबिगर कानात नाव कोन सांगन? काकू म्हने, मोहलत घे. म्हनून घेतली."

लग्न झालेल्या बहिणीला सुतक तीनच दिवसांचं, हे त्याला कोण सांगणार? मी हसले. भर शोकाच्या घरात, मोठ्यानं. बायका बघायला लागल्या. दगडूही बघत राहिला, मग त्यालाही हसू आलं, आणि मग आम्ही दोघंही रडलो, तेव्हा कुठं बायकांना बरं वाटलं.

मी जाणार आहे. पाठ आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, पण बायकांना हात राखून मारा म्हणणार नाही. या वेळी झोळीत खरं बाळ असेल, कान कुठला ते शोधावं लागणार नाही. झोळीचं दुसरं टोक सुभद्रा धरेल. ओट्यावर तुझी जागा मी कुणाला घेऊ देणार नाही. आतला आवाज ऐकून चूक काढायला कोणी नसेल, तेवढं फक्त मला जड जाईल.

कोट वाळला आहे. घडी करून ठेवते. बारशाच्या दिवशी तुझी हजेरी माफ, दादा.